वयस्कांच्या खांद्याजवळचे फ्रॅक्चर: लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचा निर्णय, तयारी आणि नंतरची काळजी

“डॉक्टर, आईचं ऑपरेशन दुर्बिणीतूनच करा, मोठी चिरफाड नको.” दंडाचे हाड खांद्यापाशी मोडलेल्या सत्तरीपुढच्या रुग्णांना घेऊन येणारी मुले ओपीडीत खुर्चीवर बसता बसताच हे सांगतात. त्यामागची काळजी खरी असते. आईला मधुमेह आहे, वडिलांचे हृदय अशक्त आहे, या वयात मोठी जखम भरून येईल का, ही भीती रास्तच आहे. परंतु या एका वाक्यात तीन प्रश्न गुंतलेले असतात. शस्त्रक्रिया करावी का, हा पहिला. करायची तर कोणती, हा दुसरा. आणि छेद केवढा, हा तिसरा. बहुतेक कुटुंबे तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि पहिला विचारायचा राहूनच जातो. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून मी हे प्रश्न ज्या क्रमाने सोडवतो, त्याच क्रमाने ते येथे मांडत आहे. रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला त्यावर अर्थातच अंतिम राहील.

एक गैरसमज आधीच दूर करतो. खांद्यातील फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवण्यासाठी दुर्बीण सर्रास वापरली जाते, पण दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडले असेल तर ते सहसा दुर्बिणीतून जोडत नाहीत. येथे लहान छेदाची शस्त्रक्रिया म्हणजे त्वचेला दोन-तीन छोटे छेद देऊन, सी-आर्म नावाच्या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत पाहत, तारा, सळई किंवा प्लेट आत सरकवणे. मोडलेली जागा पूर्ण उघडून डोळ्यांनी पाहिली जात नाही, ती पडद्यावरच्या सावलीवरून ओळखावी लागते. या पद्धतीचे बळ आणि तिचा धोका, दोन्ही याच गोष्टीत आहेत.

पडल्यानंतरचे पहिले काही तास

वयस्क माणसाचे हे हाड मोडायला मोठा अपघात लागत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, रात्री लघवीला उठताना तोल जातो, उंबऱ्याला ठेच लागते, आणि ठिसूळ झालेल्या हाडाला तेवढे पडणे पुरते. रुग्ण दुखरा हात दुसऱ्या हाताने कोपराखाली धरून बसतो आणि खांदा हलवू देत नाही. अशा वेळी पहिले काम म्हणजे त्या हातातील बांगड्या, पाटल्या, अंगठी आणि घड्याळ काढणे. सूज हळूहळू बोटांपर्यंत उतरते आणि मग पाटली कापण्यावाचून उपाय राहत नाही. सुरुवातीलाच साबणाचे पाणी लावले तर ती सहज निघते. बांगड्या काढायला आजींचे मन घेत नसेल तर त्या दुसऱ्या हातात चढवाव्यात.

त्यानंतर हात कोपरात काटकोनात वाकवून ओढणीने किंवा जुन्या सुती साडीच्या पट्टीने गळ्यात अडकवावा. ब्लाउज किंवा सदरा डोक्यावरून ओढून काढण्यापेक्षा शिवणीवर कापलेला बरा. हात ओढू नये, चोळू नये, तेल लावू नये, आणि ‘हाड बसवून’ घ्यायला कोणाकडेही नेऊ नये. काखेतून जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि हाताचे मज्जातंतू मोडलेल्या टोकांच्या अगदी लगत असतात. जो हात फ्रॅक्चरमधून सुखरूप सुटला आहे, तो एका हिसक्याने कायमचा अधू होऊ शकतो.

रुग्णालयात निघण्याआधी मिनिटभर थांबून पुढील गोष्टी पाहाव्यात आणि लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगाव्यात. बोटे हलतात का, अंगठा ताठ करता येतो का, मनगटाची नाडी लागते का, हा हात दुसऱ्या हाताइतकाच उबदार आहे का, आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या टोकापासून चार बोटे खाली, हलका स्पर्श समजतो का? हात गार आणि फिकट पडला असेल, नाडी लागत नसेल किंवा जखमेतून हाड दिसत असेल, तर रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात त्याच तासाला पोहोचले पाहिजे. रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल आणि डोके आपटले असेल, तर बाहेर जखम दिसत नसली तरी डोक्याचा सीटी स्कॅन करून घ्यावा. पडण्याआधी चक्कर आली होती का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, हेही विचारावे. पाय घसरून पडणे आणि हृदयाचे ठोके चुकल्याने पडणे यांत खांद्याचा एक्स-रे सारखाच दिसतो, पण दुसऱ्या रुग्णाचा खरा आजार खांद्यात नसतो.

दोन-चार दिवसांनी घरच्यांना हमखास धास्तावणारी एक गोष्ट घडते. खांद्यातले रक्त खाली उतरू लागते आणि दंड, कोपर, कधी छातीची बाजू कमरेपर्यंत जांभळीकाळी होते. हात सडत चालला आहे, असे समजून लोक रात्री-अपरात्री धावत येतात. बोटे उबदार असतील आणि हलत असतील, तर हा काळेपणा साचलेल्या रक्ताचा असतो. तो आधी हिरवट, मग पिवळसर होत दोन-तीन आठवड्यांत जिरतो.

हाड नेमके कसे मोडले आहे

समोरून काढलेला एकच एक्स-रे पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. समोरून, खांद्याच्या पात्याच्या बाजूने आणि काखेतून, अशा तीन दिशांनी चित्रे हवीत. काखेतून चित्र घेताना दुखते म्हणून ते अनेकदा टाळले जाते, आणि मग मागच्या बाजूला निखळलेला सांधा नजरेतून सुटतो. हात गळ्यातून न काढता, रुग्णाला थोडे मागे झुकवूनही हे चित्र घेता येते, तशी विनंती जरूर करावी. तुकडे अनेक असतील किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर सीटी स्कॅन उपयोगी पडतो.

अहवालातील ‘टू-पार्ट’, ‘थ्री-पार्ट’, ‘फोर-पार्ट’ या शब्दांचा अर्थ समजून घेतला की डॉक्टरांशी बोलणे सोपे होते. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चार भागांचे बनलेले असते: सांध्यात बसणारे गोल डोके, बाहेरच्या बाजूचा मोठा उंचवटा, पुढचा लहान उंचवटा आणि खालची दांडी. हात उचलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या कंडरा त्या दोन उंचवट्यांना चिकटलेल्या असतात, म्हणून तुकडा सुटला की कंडरा त्याला आपल्या दिशेने ओढून नेतात. अमेरिकेतील चार्ल्स नीर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार तुकडा १ सेंटीमीटरहून अधिक सरकला असेल किंवा ४५ अंशांहून अधिक कलला असेल, तरच त्याला वेगळा भाग मानतात. त्यामुळे अहवालात ‘हाडाचा चुरा’ असे भीतीदायक वर्णन असले, तरी तुकडे जागच्या जागी असतील तर ते फ्रॅक्चर सौम्य गटात मोडते.

आणखी एक बाब विचारण्यासारखी आहे. हाडाच्या या गोल डोक्याचा रक्तपुरवठा टिकून आहे का? डोक्याला चिकटून राहिलेली आतल्या बाजूची हाडाची कड ८ मिलिमीटरपेक्षा आखूड असेल आणि तिथला बिजागरीसारखा आधार २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला असेल, तर तो पुरवठा तुटण्याची शक्यता वाढते. अशा डोक्याला कितीही सुबक प्लेट लावली, तरी ते पुढे झिजून खचण्याची भीती राहते.

शस्त्रक्रिया हवी का

या वयातील बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही, हे वाक्य मी मुद्दाम ठळकपणे लिहीत आहे, कारण ‘काहीच केले नाही’ असे घरच्यांना वाटते आणि ते दुसऱ्या डॉक्टरांचा शोध सुरू करतात. ब्रिटनमध्ये ३२ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोफर’ चाचणीत सरकलेल्या फ्रॅक्चरच्या २५० रुग्णांपैकी काहींवर शस्त्रक्रिया केली गेली आणि काहींचा हात नुसता गळ्यात बांधून व्यायाम दिले गेले. दोन वर्षांनी हाताचा वापर आणि वेदना या बाबतींत दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. मात्र ज्यांना शस्त्रक्रिया उघडच आवश्यक होती, असे रुग्ण त्या चाचणीत घेतलेले नव्हते. म्हणून तिचा अर्थ ‘कोणालाच शस्त्रक्रिया नको’ असा होत नाही. शंका असेल तेथे शस्त्रक्रियेने फायदा होईल असे गृहीत धरू नये, इतकाच तिचा अर्थ मी घेतो.

एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण माझ्या नेहमी डोळ्यांपुढे असते. त्या ७६ वर्षांच्या होत्या आणि एक्स-रे पाहून त्यांचा मुलगा रडवेला झाला होता. हाड कलून एकमेकांत रुतले होते, पण रुतल्यामुळेच ते स्थिर होते. आम्ही दहा दिवस हात गळ्यात ठेवला आणि मग व्यायाम सुरू केले. चार महिन्यांनी त्या आल्या तेव्हा एक्स-रे तसाच वाकडा होता, आणि त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातलेली होती. हात कानाच्या थोडा वर जात होता, त्याहून वर जात नव्हता, आणि त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

शस्त्रक्रियेचा गंभीरपणे विचार करावा असे प्रसंग वेगळे आहेत. हाड मोडण्यासोबत सांधा निखळला असेल, हाडाच्या डोक्याचेच दोन तुकडे झाले असतील, दांडी डोक्यापासून पूर्ण सुटून काखेकडे सरकली असेल, मोठा उंचवटा वर ओढला जाऊन हात उचलताना खांद्याच्या वरच्या हाडाला अडकेल अशा जागी गेला असेल, रक्तवाहिनीला इजा झाली असेल किंवा जखम उघडी असेल, तर नुसते गळ्यात बांधून भागत नाही. रुग्णाचे रोजचे जगणे हाही यातला मोठा घटक आहे. एकटी राहणारी, भाकऱ्या थापणारी, वॉकर धरून चालणारी आजी आणि पूर्णपणे अंथरुणाला खिळलेली आजी यांचा एक्स-रे एकच असला तरी उपचार एक असेलच असे नाही. आणि कृपया हे प्रश्न आजींनाच विचारा. त्या शेजारी बसलेल्या असताना सगळी चर्चा मुले आणि डॉक्टर यांच्यातच होते, हे मला फार खटकते.

लहान छेदाच्या पद्धती आणि त्यांची मर्यादा

पहिली पद्धत म्हणजे त्वचेतून थेट टोचलेल्या तारा किंवा पिना. छेद जवळजवळ नसतोच, भुलीचा वेळ कमी लागतो आणि अतिशय अशक्त रुग्णात ती कधी कधी सोयीची ठरते. परंतु ठिसूळ हाडात पिना घट्ट धरत नाहीत. त्या सैल होतात, त्वचेपाशी पू होतो, आणि सुटलेली पीन शरीरात सरकत छातीपर्यंत गेल्याच्या घटनाही वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. ही पद्धत निवडली असेल, तर वारंवार एक्स-रे काढणे आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी पिना काढून घेणे यात हयगय चालत नाही.

दुसरी पद्धत सळईची. खांद्याच्या वर छोटा छेद देऊन सळई हाडाच्या पोकळीत उतरवतात आणि वर-खाली स्क्रूंनी अडकवतात. डोके आणि दांडी असे दोनच भाग झाले असतील, तर हा पर्याय मला पसंत आहे. सळई उतरवताना हात उचलणाऱ्या कंडरेतून वाट काढावी लागते, म्हणून ती वाट नीट शिवून बंद करणे महत्त्वाचे असते.

तिसरी आणि सर्वांत जास्त चर्चेची पद्धत म्हणजे लहान छेदातून सरकवलेली लॉकिंग प्लेट, म्हणजे जिच्या छिद्रांत स्क्रूंची डोकी घट्ट अडकतात अशी प्लेट. खांद्याच्या पुढून केलेल्या पारंपरिक शस्त्रक्रियेत साधारण १२ ते १५ सेंटीमीटरचा छेद लागतो. लहान छेदाच्या पद्धतीत खांद्याच्या बाहेरच्या बाजूला ४-५ सेंटीमीटरचा एक आणि त्याखाली दंडावर २-३ सेंटीमीटरचा दुसरा छेद देतात, आणि डेल्टॉइड या खांद्याच्या स्नायूचे तंतू न कापता बाजूला सारून प्लेट त्याच्याखालून हाडाला चिकटवत खाली ढकलतात. हाडाभोवतीच्या मांसाची सोलवण कमी होते आणि तुकड्यांना उरलेला रक्तपुरवठा शाबूत राहतो, हा या पद्धतीचा खरा फायदा आहे. बाहेरचा व्रण लहान दिसतो, ही त्या मानाने गौण गोष्ट आहे.

याच भागातून अ‍ॅक्सिलरी मज्जातंतू जातो. खांद्याच्या वरच्या हाडाच्या कडेपासून साधारण ५ ते ७ सेंटीमीटर खाली तो डेल्टॉइडच्या आतल्या बाजूने आडवा फिरतो, म्हणजे दोन छेदांच्या बरोबर मधल्या न उघडलेल्या पट्ट्यात. अनुभवी सर्जन वरच्या छेदातून बोट घालून तो दोरीसारखा लागतो का ते चाचपतो, प्लेट त्याच्याखालून सरकवतो आणि त्या पातळीवरची प्लेटची छिद्रे रिकामी सोडतो. एक्स-रेमध्ये प्लेटच्या मधल्या दोन-तीन छिद्रांत स्क्रू दिसले नाहीत म्हणून घाबरू नये. ती जागा बहुधा जाणीवपूर्वक मोकळी ठेवलेली असते.

ठिसूळ हाडात नुसत्या स्क्रूंवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून कंडरांतून जाड धागे ओवून ते प्लेटला बांधतात, आणि डोक्याच्या खालच्या आतल्या कडेला आधार देणारा तिरपा स्क्रू घालतात. डोके आत कलू न देता, आतली कड एकमेकांवर बसवून ठेवणे हे या शस्त्रक्रियेतले सर्वांत निर्णायक पाऊल आहे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. या पद्धतीच्या सुरुवातीच्या काळात एका ७२ वर्षांच्या बाईंची शस्त्रक्रिया मी दोन छोट्या छेदांतून केली. पडद्यावर डोके किंचित आत कललेले दिसत होते, पण छेद वाढवावा लागेल म्हणून मी तेवढे चालवून घेतले. जखम सुरेख भरली, घरचे खूश होते. सहाव्या आठवड्यात डोके आणखी कलले होते आणि दोन स्क्रूंची टोके डोक्याबाहेर सांध्यात आली होती. त्यांना दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली. त्यानंतर मी प्रत्येक कुटुंबाला आधीच सांगून ठेवतो की हाड जुळले नाही तर मी छेद वाढवीन, आणि तसे संमतिपत्रातही लिहून घेतो. तुमच्या सर्जनना हा प्रश्न जरूर विचारा: लहान छेदातून हाड नीट बसले नाही, तर तुम्ही काय कराल? “छेद वाढवू” हे उत्तर मिळाले तर निर्धास्त व्हावे.

डोक्याचा रक्तपुरवठा गेला असेल, हाड फार पोकळ असेल किंवा चारही भाग विस्कटले असतील, तर सत्तरीनंतर जोडण्याऐवजी सांधा बदलणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या उलट्या सांध्यात गोळा खांद्याच्या पात्याला आणि वाटी दंडाला बसवतात, त्यामुळे फाटक्या कंडरांवर अवलंबून न राहता डेल्टॉइड हात उचलतो. हा लहान छेदाचा उपाय नाही. तरीही एका मोठ्या छेदात प्रश्न मिटणार असेल, तर दोन लहान छेदांच्या मोहाने पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ ओढवून घेऊ नये.

शस्त्रक्रियेची तयारी

सांधा निखळलेला नसेल आणि हाताचा रक्तपुरवठा ठीक असेल, तर ही तातडीची शस्त्रक्रिया नाही. साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती होते, आणि त्या दिवसांचा उपयोग साखर आटोक्यात आणणे, हृदयाची तपासणी, रक्तातील हिमोग्लोबिन आणि लघवीतील जंतुसंसर्ग पाहणे यासाठी करावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नयेत. हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून तारीख ठरवावी. तंबाखू आणि मशेरी दोन्ही थांबवाव्यात. अनेक घरांत आजींची मशेरी ही तंबाखू मानलीच जात नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारल्यावर ‘व्यसन नाही’ असे उत्तर येते. पण तिच्यातील निकोटिन हाड सांधण्याच्या कामात तितकेच आड येते.

काखेची स्वच्छता हा दुर्लक्षित विषय आहे. हात अंगाला बांधलेला असल्याने काखेत घाम साचतो, त्वचा पांढरी पडून सोलवटते आणि तेथून जंतू आत जाऊ शकतात. रोज रुग्णाला किंचित पुढे वाकवून, हात आपोआप थोडा लोंबू देऊन, ओल्या मऊ कापडाने काख पुसावी, कोरडी करावी आणि सुती कापडाची घडी मध्ये ठेवावी. घरी वस्तऱ्याने केस काढू नयेत.

भूल बहुधा पूर्ण देतात आणि तिच्या जोडीला मानेपाशी इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, त्यामुळे पहिली रात्र पुष्कळ सुसह्य जाते. या इंजेक्शनानंतर काही तास हात लुळा पडणे, त्या बाजूची पापणी थोडी खाली येणे, आवाज बसणे असे घडू शकते आणि ते ओसरते. पण त्याने त्या बाजूचा श्वासपटलाचा स्नायूही तात्पुरता मंदावतो, म्हणून दमा किंवा फुफ्फुसांचा जुना आजार असेल तर भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगावे. चष्मा आणि कानाचे यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे. भुलीनंतर वयस्क माणसाला गोंधळल्यासारखे होते, तेव्हा ओळखीचा चेहरा दिसणे आणि बोललेले ऐकू येणे यांनी फार फरक पडतो.

खर्चाबाबत एवढेच सांगतो की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना यांची चौकशी दाखल होण्याआधी करावी. ७० वर्षांच्या आणि त्यापुढील व्यक्तींना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड काढता येते. कोणती शस्त्रक्रिया आणि कोणते इम्प्लांट योजनेत बसते, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगू शकतात.

घरी आल्यावर

बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल शुद्धीवर आल्या दिवसापासून करायची असते. मूठ घट्ट मिटणे आणि पूर्ण उघडणे, दर तासाला दहा वेळा, एवढ्याने सूज लवकर उतरते. झोपताना पाठीमागे दोन-तीन उशा रचून अर्धवट बसते करावे आणि कोपराखाली घडी केलेली चादर ठेवावी, म्हणजे दंड मागे पडत नाही. सपाट झोपल्यावर खांदा ठणकतो, तो यामुळेच. पुढून बटणे असलेला सैल गाऊन किंवा सदरा वापरावा. घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा, आणि काढताना तो शेवटी काढावा.

खांद्याचा पहिला व्यायाम झोक्याचा. टेबलावर चांगला हात टेकवून कमरेत पुढे वाकावे, दुखरा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सैल लोंबू द्यावा आणि शरीर किंचित हलवून त्याला लहान गोल फिरू द्यावे. हात आपल्या ताकदीने फिरवायचा नाही, शरीराच्या हेलकाव्याने तो फिरतो. चक्कर येत असेल तर शेजारी माणूस उभा असावा. हाड कितपत घट्ट बसले आहे त्यावर सुरुवात ठरते, बहुधा ती पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होते. त्यानंतर पाठीवर झोपून काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर नेणे, पुढे दोरी आणि कप्पीच्या साहाय्याने, आणि साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रेमध्ये सांधत असल्याचे दिसल्यावर भिंतीवर बोटांनी चढत जाणे. ताकदीचे व्यायाम सहसा तिसऱ्या महिन्याच्या आसपास येतात.

घरच्यांच्या हातून होणाऱ्या दोन चुका मला वारंवार दिसतात. एक म्हणजे मायेपोटी आजींना काहीच करू न देणे. सहा आठवडे गळ्यातून न काढलेला हात पुढे सहा महिने मोकळा होत नाही. दुसरी म्हणजे ‘लवकर सुटावा’ म्हणून दुसऱ्याने तो जोर लावून उचलणे, ज्याने धागे तुटू शकतात. पहिले सहा आठवडे त्या हातात चहाच्या कपाहून जड काही नसावे, आणि खुर्चीतून किंवा कमोडवरून उठताना त्या हाताचा टेकू घेऊ नये. हीच चूक नकळत सर्वाधिक होते, म्हणून कमोडच्या दुसऱ्या बाजूला दांडी आधीच बसवून घ्यावी.

टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, दुखणे कमी होत असताना एकाएकी वाढणे, व्यायाम करताना खांद्यात खटकन आवाज होऊन हालचाल अडणे, पोटरी सुजून दुखणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. एक्स-रे साधारण दोन, सहा आणि बारा आठवड्यांनी काढतात.

अपेक्षा कशी ठेवावी, हे रुग्ण विचारतात. पदर खांद्यावर घेणे, जेवणे आणि तोंड धुणे बहुतेकांना दोन-अडीच महिन्यांत जमू लागते, केस विंचरायला तीन-चार महिने लागतात, आणि वरच्या फळीवरचा डबा काढणे काहींना पुन्हा जमत नाही. सुधारणा वर्षभर होत राहते. फिजिओथेरपिस्टना ‘किती अंश हात वर जातो’ हे विचारण्याऐवजी, आजींना कोणते काम पुन्हा करायचे आहे ते सांगावे. देवापुढचा दिवा स्वतः लावता यावा, एवढे एकच ध्येय घेऊन नेटाने व्यायाम केलेल्या बाई मी पाहिल्या आहेत.

मोडण्याचे मूळ कारण

उभ्या उंचीवरून पडून खांद्याचे हाड मोडले, याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत आणि पुढची पाळी खुब्याची किंवा मणक्याची असू शकते. प्लेट बसली की हा विषय मागे पडतो, आणि वर्ष-दोन वर्षांत तोच रुग्ण खुबा मोडून परत येतो, तेव्हा फार वाईट वाटते. घरी जाण्याआधीच हाडांच्या घनतेची तपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या यांबद्दल विचारावे. आहारातून आणि गोळ्यांतून मिळून दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, म्हणून दोन वेळच्या जेवणात नाचणीची भाकरी, दूध-दही आणि तिळाची चटणी असेल तर गोळ्यांचा भार हलका होतो. परंतु कॅल्शियम म्हणजे ठिसूळपणावरचे औषध नव्हे. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषध, दर सहा महिन्यांचे इंजेक्शन किंवा रोजचे हाड घडवणारे इंजेक्शन, यांतून डॉक्टर निवड करतात. आठवड्याची गोळी रिकाम्या पोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये. सहा महिन्यांचे इंजेक्शन चालू असेल तर त्याची तारीख चुकवू नये, कारण ते मध्येच थांबवल्यावर मणके खचण्याचा धोका वाढतो.

पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट रात्री एकदा स्वतः चालून पाहावी: पायपुसणे सरकते का, दिव्याचे बटण हाताशी आहे का, उंबरा दिसतो का. मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या आणि उठताना एकदम खाली येणारा रक्तदाब, ही पडण्यामागची नेहमीची कारणे असतात आणि तिन्हींवर उपाय आहेत.

हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा गेल्याचे परिणाम वर्ष-दोन वर्षांनीही दिसू शकतात, म्हणून हात उत्तम चालत असला तरी वर्षाने आणि दोन वर्षांनी एक्स-रे काढून घ्यावा. शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत, सगळे एक्स-रे आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर एका पिशवीत जपून ठेवावे. पुढे कधी प्लेट काढण्याची वेळ आली, तर तिच्या स्क्रूंना कोणता पेचकस लागेल हे त्या स्टिकरवरूनच कळते, आणि ते हरवले असेल तर अर्ध्या तासाचे काम दोन तासांवर जाते.